प्लॅस्टिकखालची पहिली

बाईंनी कोपऱ्यात नख घातलं आणि मला दुखलं. खरंच दुखलं, डाव्या कानाच्या मागे, जिथे केसांची मुळं संपतात तिथे. बाईंनी काही वाकडं केलं नव्हतं. अंगठ्याला रबरी टोपी घालून त्या सकाळपासून नव्याने रुजू होणाऱ्यांचे कागद तपासत होत्या. माझी पाळी आली, मी पिशवीतून गुणपत्रिका काढून टेबलावर ठेवली, आणि त्यांनी ती टोपी काढून उघड्या नखाने प्लॅस्टिकची कड उचकटून बघितली. मग गुणपत्रिका माझ्याकडे सरकवली. "हे चालणार नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मूळ आहे, बाई. मूळच आहे. "असेल. पण दिसतंय कुठे? प्लॅस्टिकखाली मूळ काय आणि नक्कल काय, दोन्ही बहिणी बहिणीच. कागद उजेडात धरून बघावा लागतो. शिक्का हाताला लागावा लागतो. प्लॅस्टिक काढून आणा. सोमवारी रुजू व्हायचंय ना तुम्हाला? मग सोमवारी सकाळी." आणि निघालं नाही तर, असं मी विचारलं. त्यांनी टोपी पुन्हा अंगठ्यावर चढवली. "निघतं. इस्त्री फिरवली की निघतं म्हणतात. नाही निघालं तर यादीत तुमच्या खाली एक जण आहेच." त्या रागाने बोलल्या नव्हत्या. रागाने बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शुक्रवार होता. जिना उतरताना मी पिशवी पोटाशी धरली होती आणि कानामागे अजून ठणकत होतं. सहा वर्षांनी मिळालेली नोकरी होती ती. शहराला पाणी पुरवणाऱ्या खात्याची प्रयोगशाळा. रोज सकाळी वेगवेगळ्या टाक्यांतलं पाणी बाटल्यांतून येणार, ते तपासायचं आणि सही करायची. मुलाखतीत तिथल्या मोठ्या साहेबांनी माझी फाईल उघडलीसुद्धा नव्हती. त्यांनी पाण्याचे दोन पेले माझ्यासमोर ठेवले आणि विचारलं, यातलं कुठलं पिण्याजोगं आहे, बघून सांगा. मी पुष्कळ वेळ बघत बसले. दोन्ही सारखेच स्वच्छ होते. शेवटी मी म्हटलं, बघून सांगता येणार नाही, तपासावं लागेल. साहेब म्हणाले, तुमच्या आधी अकरा जणांनी बघून सांगितलं. एवढीच मुलाखत झाली. घरी येताना मला आनंदापेक्षा चुकल्याचुकल्यासारखं जास्त वाटत होतं, कारण फाईल न उघडता झालेली ती माझी पहिलीच मुलाखत होती. आत प्लॅस्टिकखाली जी होती, तिला कुणी आत बोलावलंच नव्हतं. ती बाहेर बाकावर बसून राहिली होती.

ती म्हणजे पहिली. सहा वर्षांपूर्वी रसायनशास्त्रात मी विद्यापीठात पहिली आले, आणि त्या आठवड्यापासून गल्लीत, नात्यात, बाबांच्या गिऱ्हाइकांत माझं नाव गेलं ते गेलंच. "पहिली, जरा आईला बोलाव." "काय पहिली, कुठे निघालीस?" सुरुवातीला गोड वाटायचं. वर्षभराने त्याच हाकेत थोडा खडा लागायला लागला. मामा तर तोंडावर म्हणाला, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. दुसऱ्या वर्षी लोकांनी विचारणंच सोडलं, पण हाक तशीच राहिली. मला मग वाटायला लागलं की ही हाक मला नाहीच. पहिली म्हणून दुसरीच कुणीतरी आहे, ती आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर राहते, तिला सगळं ठाऊक आहे आणि ती काही बोलत नाही. मी खोलीत शिरले की ती माझ्याकडे बघायची. चमकत्या प्लॅस्टिकमध्ये माझाच चेहरा उमटायचा हे मला कळत होतं, रसायनशास्त्र शिकलेल्या बाईला एवढं कळतं. पण चेहरा उमटायचा तो नेमका एकूण गुणांच्या रकान्यावर, कपाळाच्या जागी आकडे घेऊन. दिवा लावायला मी भिंतीच्या बाजूने हळूहळू जायचे, तिच्या समोरून जावं लागू नये म्हणून.

मुलाखतींना मी तिला घेऊन जायचे. बाबा म्हणायचे झेरॉक्स ने, मूळ घरी राहू दे. मी ऐकायचे नाही. झेरॉक्स वर ठेवायचे आणि खाली पिशवीत ती असायची, लागलीच तर. समोरची माणसं गुण वाचायची, मग मान वर करून माझ्याकडे बघायची, मग पुन्हा गुण. ते बघणं मला पाठ झालं होतं. जिच्याविषयी वाचलं ती अजून यायची आहे, तोवर ही कोण बसली आहे, असं ते बघणं असायचं. "इतके गुण? मग आमच्याकडे कशाला?" असं एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, तुम्ही टिकणार नाही, तुमच्यासारख्या पुढे जातात. आणखी एक म्हणाला, गुण ठीक आहेत हो, पण काम काय केलंय? कामाशिवाय अनुभव नाही, अनुभवाशिवाय काम नाही. घोडं कुठे पेंड खातंय ते सगळ्यांना दिसत होतं आणि कुणीच सोडत नव्हतं. माझ्या शेजारच्या बाकावरची मैत्रीण काठावर पास झाली होती. तिला तिसऱ्या महिन्यात रंगाच्या कारखान्यात काम मिळालं. मी न लाजता तिला विचारलं, कसं गं? ती म्हणाली, "तू आत गेलीस की कागद पुढे करतेस. मी हात पुढे करते." ती चांगुलपणाने सांगत होती. मी त्या दिवशी घरी आले, भिंतीवरची खाली उतरवली आणि उलटी करून ठेवली. संध्याकाळी ती पुन्हा सुलटी लटकत होती. आईने लावली असेल. मी विचारलं नाही.

बाबांचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान होतं, एका जिन्याखाली, माणूस सरळ उभा राहिला तर डोकं आपटेल असं. तिथे त्यांनी तीस वर्षं काढली. दुकानात एकच पाटी होती, त्यांच्या वळणदार अक्षरात: मूळ कागदावर प्लॅस्टिक मारून मिळणार नाही. गिऱ्हाइकं हुज्जत घालायची, दाखला भिजतो, फाटतो, मारून द्या ना. बाबा मान हलवायचे. "प्लॅस्टिक मारलं की कागद मेला. त्याला मग कुणी हात लावू शकत नाही. नक्कल काढतो, नकलेला मारतो." आणि नक्कल काढण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. रंगीत झेरॉक्सचं नवं यंत्र त्यांनी माझ्या निकालाच्या आदल्याच महिन्यात आणलं होतं. उजेड किती, रंग किती, कागद कुठल्या जाडीचा, यावर ते तासन्‌तास घालवायचे. मूळ आणि नक्कल शेजारी ठेवून मला म्हणायचे, ओळख. मी चुकले की त्यांना इतका आनंद व्हायचा की मी कधीकधी मुद्दाम चुकायचे.

निकालाचा कागद हातात आला त्या सकाळी ते तो घेऊन दुकानात गेले, नक्कल काढून दुकानात लावतो म्हणून. दुपारीच परत आले. इतक्या लवकर दुकान बंद केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. हातात लॅमिनेशनचं मशीन, वायर गुंडाळलेली. काखेत गुणपत्रिका, प्लॅस्टिकमध्ये. मशीन बिघडलं, म्हणाले. ते त्यांनी बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवलं. गुणपत्रिका माझ्या हातात दिली, माझ्याकडे न बघता. मी हसत होते. म्हटलं, बाबा, मूळ कागदाला मारलंत? स्वतःचा नियम स्वतःच मोडलात? ते म्हणाले, "मोडला." बास. तीस वर्षं जपलेली पाटी लेकीच्या कौतुकात विसरले, असं मी मैत्रिणींना सांगत सुटले, आणि ते सांगताना मला फार बरं वाटायचं.

पण त्या दिवसापासून बाबा बदलले. तोवर माझे गुण ते शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, रस्त्यावर पत्ता विचारणाऱ्याला सांगायचे. नंतर कुणी विषय काढला तर म्हणायचे, "गुणांचं काय एवढं. गुणांना कोण विचारतो आजकाल." एकदा मामासमोर म्हणाले, नोकरी माणसाला मिळते, कागदाला नाही. मी आतल्या खोलीत होते. एखाद्या बापाने म्हणावं आणि ते खरंही असावं असंच ते वाक्य होतं, पण मला ते झोंबलं. मी रात्री अभ्यास करताना ज्यांनी माझ्या पायांवर पांघरूण टाकलं ते हेच. ते भिंतीकडे पाठ करून जेवायला बसू लागले. मी मुलाखतीहून हात हलवत परत आले की माझ्याकडे अशा नजरेने बघायचे की मला वाटायचं, यांना माझी लाज वाटते. दोन वर्षांपूर्वी ते गेले. शेवटच्या आठवड्यात हात इतके थरथरत होते की पाण्याचा पेला मी धरायचे. मशीन विकायचं नाही, एवढं एकच त्यांनी दोनदा सांगितलं. विकायचं नाही आणि चालूही करायचं नाही. आम्ही ते विकलं नाही. आईने त्यावर पहिल्यापासून टाकलेली जुनी चादरही तशीच राहू दिली. पण दुपारी उन्हं आत आली की त्या कोपऱ्यातून तापलेल्या प्लॅस्टिकचा वास यायचा. मी आईला विचारलं, तुला येतो का? आई म्हणाली, "कसला?" वायर गुंडाळलेलीच होती. सहा वर्षांत ती कुणी भिंतीला लावलेली नव्हती.

रविवारी दुपारी मी इस्त्री काढली. शनिवार मी नुसताच घालवला. टेबलावर गुणपत्रिका ठेवायची आणि तिच्याभोवती घर झाडायचं. घाई करून चालणार नव्हतं. दोन पदर असतात त्या प्लॅस्टिकचे, वरचा कडक, आतला गोंदाचा, आणि गोंद तेवढा मऊ व्हावा, कागद तापू नये, एवढीच उष्णता द्यायची. मी सुती फडकं ओलं करून पिळलं, वर पसरलं, इस्त्री एकदा इकडून एकदा तिकडून नेली. तो वास आला. कोपऱ्यातला वास. मी मान वळवून मशीनकडे बघितलं. चादर होती तशीच होती. आई दारात येऊन उभी राहिली होती. म्हणाली, जपून गं. मी नखाने कड धरली, बाईंनी धरली होती तीच, आणि हळूच ओढली. कानामागे पुन्हा चुरचुरलं. प्लॅस्टिक सुटायला लागलं, अगदी सहज, वाट बघत असल्यासारखं. आणि त्याच्याबरोबर अक्षरं सुटायला लागली.

आधी विद्यापीठाचं नाव गेलं. मग माझं नाव. मी हात थांबवला नाही, मला थांबवता आला नाही. विषय, गुण, एकूण, श्रेणी, सगळं कागदावरून उठून प्लॅस्टिकला चिकटलं आणि वर येत गेलं. शेवटचा कोपरा सुटला तेव्हा माझ्या उजव्या हातात काचेसारख्या पापुद्र्यावर माझं सगळं आयुष्य उलट्या अक्षरांत होतं, आणि टेबलावर एक पांढरा कागद, त्यावर फिकट सावल्या. भिंतीवरची सहा वर्षं माझ्याकडे ज्या बाजूने बघत होती, तिच्या मागून मी आता तिला बघत होते. आई म्हणाली, "अगंबाई, गेलं सगळं." मला रडू आलं नाही. मला थंडी वाजली, कारण माझ्यातली जी परीक्षेत पहिली आली होती ती त्याच क्षणी जागी झाली आणि शांतपणे म्हणाली, शाई अशी उठत नाही. शाई कागदात मुरते, तिला प्लॅस्टिक उपटू शकत नाही. झेरॉक्सची असते ती भुकटी, वितळवून वरच्या वर बसवलेली. ती उठते. हा कागद झेरॉक्स आहे.

मग ती भीती आली, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मला वाटलं, मूळ नव्हतंच. मी पहिली आलेच नव्हते. बाबांना नकला काढता येत होत्या, इतक्या चांगल्या की मी स्वतः चुकायचे. त्यांनी आपल्या मुलीचीही एक काढली. मी निकालाचा दिवस आठवायला गेले आणि प्रत्येक आठवणीत भिंतीवरचीच गुणपत्रिका दिसायला लागली. प्राचार्यांच्या हातात ती, प्लॅस्टिकमध्ये. बाबांनी डोळ्यांना लावली ती, प्लॅस्टिकमध्ये. असं कसं असेल? तेव्हा प्लॅस्टिक नव्हतं. माझ्या डोक्यातल्या खऱ्या दिवसावरही कुणीतरी नकलेचा कागद ठेवला होता आणि खालचं मला दिसेना. ते सगळे साहेब माझ्याकडे बघायचे ते बरोबर बघत होते, खरी कुठे आहे म्हणून. मी खुर्चीची पाठ धरून उभी होते, आणि धरता धरता माझ्या बोटांना काहीतरी आठवलं. डोळ्यांना नाही, बोटांना. तो कागद पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी तो उलटा केला होता आणि मागून बोट फिरवलं होतं. विद्यापीठात तेव्हा फितीची जुनी छपाई होती, सुया कागदावर आपटायच्या. आकडे मागून हाताला लागत होते. बारीक बारीक टोचत होते. मी डोळे मिटून एकूण गुण बोटाने वाचले होते आणि बाबा म्हणाले होते, बघ, आंधळ्यालाही कळेल पोरीची हुशारी.

म्हणजे होतं. मग गेलं कुठे? मी आईकडे बघितलं. आई कोपऱ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "तू मुलाखतीला गेलीस ना, की ते मशीन उघडून बसायचे. दरवेळी. तू जिना उतरलीस की चादर काढायचे. मी म्हणायचे, अहो, बिघडलंय तर द्या ना कुणाला दुरुस्तीला. तर म्हणायचे, दुसऱ्याने हात लावला तर जाईल. काय जाईल ते मी विचारलं नाही. मला वाटलं, मशीनच."

पेचकस घेऊन मी जमिनीवर बसले. मागच्या झाकणाला चार स्क्रू असायला हवे होते, तीनच होते, आणि तिघांची डोकी इतकी झिजलेली की पेचकस घसरत होता. किती वेळा ते उघडलं गेलं असेल ते त्या डोक्यांवरून कळत होतं. झाकण निघालं. आत एक चिमटा पडला होता, बाबांचाच, घरात हरवला म्हणून आम्ही नवा आणला तो. रबरी रुळांच्या दोन जोड्या, आणि मागच्या वरच्या रुळाभोवती तपकिरी झालेलं काहीतरी घट्ट गुंडाळलेलं, चुण्या पडून, गोंदाने बसलेलं. कडेला ब्लेडच्या बारीक रेघा होत्या. एक रेघ अर्धं बोट जाऊन थांबलेली. दुसरी तिच्या शेजारी, तेवढीच जाऊन थांबलेली. पंधरा-वीस तरी असतील. प्रत्येक मुलाखतीची एक, असं मला वाटलं, आणि मग मी मोजल्या नाहीत. मी सहा वर्षं या खोलीत भिंतीवरच्या तिला घाबरून चालत होते, आणि मी स्वतः इथे होते, चादरीखाली, रुळाला गुंडाळलेली. आई माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा," आणि मग पदार्थ करपल्यावर म्हणते तशा अगदी साध्या आवाजात, "वेडा माणूस."

कसं झालं असेल ते मला हळूहळू दिसत गेलं. त्यांनी नियम मोडला नव्हता. त्यांनी नक्कल काढली होती, आयुष्यातली सगळ्यात चांगली, आपल्या लेकीची. मूळ आणि नक्कल शेजारी ठेवून खूश झाले असतील. दुकानात मी नव्हते, ओळख म्हणायला कुणी नव्हतं. मग एक उचलून प्लॅस्टिकमध्ये सरकवली आणि मशीनला दिली, आणि ती तिरकी गेली, अडकली, आत ओढली गेली, आणि तापत राहिली. हातात उरलेली त्यांनी उलटी केली असेल, मागून बोट फिरवलं असेल, आणि हाताला काहीच लागलं नसेल. दुसऱ्या दुकानात जाऊन ती नक्कल प्लॅस्टिकमध्ये घालून आणली, म्हणजे मी कधी मागून हात लावणार नाही. नियम मोडला, म्हणाले. लहान लाज पुढे केली आणि मोठी तिच्यामागे लपवली. आणि मग माझ्यासाठी, माझ्याकडून कुणी मूळ मागू नये म्हणून, जगात गुणांना काही किंमतच नाही असं म्हणत राहिले. मी ते माझ्यावर घेतलं. माझं त्यांच्यावर फार प्रेम होतं आणि शेवटची चार वर्षं मी त्यांच्याशी तुटकच बोलले.

ब्लेड मी लावलं नाही. गरम पाण्यात पिळलेली फडकी रुळावर ठेवत गेले, एक थंड झालं की दुसरं, आई आतून पातेलं भरून आणत होती. दिवेलागण होईपर्यंत प्लॅस्टिक पापुद्र्यांनी निघालं आणि चुण्या एकेक करून सुटल्या. कागद निघाला, अख्खा, एक कोपरा सोडून. पुढची बाजू चहा सांडल्यासारखी तपकिरी, गोंदाचे चट्टे. माझं अर्धं नाव दिसत होतं, गुणांचा रकाना पूर्ण काळवंडलेला. मी तो दिव्यासमोर धरला. तपकिरी रंगाच्या आतून विद्यापीठाची खूण वर आली, पाण्याखालून यावी तशी. मग उलटा करून मागून बोट फिरवलं. डोळे मिटायला लागले नाहीत. आकडे लागत होते. आईचा हात धरून तिचंही बोट मी त्यावरून फिरवलं. तिने दोनदा फिरवलं. खोलीतला तो वास गेला होता, की आम्हालाच लागला होता, कोण जाणे.

सोमवारी सकाळी बाईंच्या टेबलावर मी दोन्ही ठेवले, तपकिरी कागद आणि सोललेली नक्कल, आणि जे झालं ते सांगितलं. थोडक्यात सांगायचं ठरवून गेले होते, पण लांबलं. मागे रांग होती. तपकिरी कागद बाईंनी दोन बोटांनी उचलला, खिडकीकडे धरला, खालीवर केला. टोपी काढली, शिक्क्याच्या जागी बोट दाबलं. "हा मूळ आहे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, पण बाई, त्यात गुण दिसत नाहीत. त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "गुण कुणी मागितलेत? नेमणूक साहेबांनी केली. मला कागद खरा आहे की नाही एवढंच बघायचं." त्यांनी शिक्का उचलला, नोंदवहीत माझ्या नावापुढे मारला: मूळ पाहिले. मग खणातून एक छापील अर्ज काढला. विद्यापीठाकडे दुय्यम प्रत मागायची, सहा महिन्यांत आणून द्यायची, तिथे मागतील तेव्हा हे मूळ दाखवायचं. अर्जात एक ओळ होती, मूळ प्रत खराब होण्याचे कारण. एवढीशी ओळ. मी पेन हातात धरून बसले. मग लिहिलं, शेवटचे दोन शब्द समासात चढवून: नक्कल इतकी चांगली निघाली की वडिलांना मूळ ओळखता आलं नाही.

बाईंनी वाचलं. "असं लिहीत नाहीत हो. अपघात लिहायचं." मी म्हटलं, अपघातच होता. मग ती सोललेली नक्कल उचलून त्यांनी खिडकीकडे धरली, सावल्यांसारखी उरलेली अक्षरं, कडेची नक्षी, जाड कागद. प्लॅस्टिकचा पापुद्राही मी आणला होता, तो त्यांनी वर ठेवून बघितला. अक्षरं अक्षरांवर बसली. "तीस वर्षं हेच बघतेय मी," त्या म्हणाल्या. "प्लॅस्टिक नसतं तरी डोळ्यांनी फसले असते." मग अर्ज तसाच ठेवून घेतला, आणि पुढच्या माणसाकडे हात करता करता, सहज, काही लिहायचं नसताना विचारलं, "किती होते गुण?" मी सांगितले. सहा वर्षांत तो आकडा मी मोठ्याने उच्चारलाच नव्हता, कागदच पुढे करत होते. माझ्याच आवाजात तो ऐकताना कुणी दुसरी बोलते आहे असं वाटलं नाही. "बरेच की," बाई म्हणाल्या आणि दोन्ही कागद माझ्याकडे सरकवले. "हा जपा. आणि ती नक्कल फाडून टाका बरं का. दोन सारखे कागद जवळ असले की घोटाळा होतो."

"एकदा झालाय," मी म्हटलं, आणि दोन्ही पिशवीत ठेवले, वेगवेगळ्या कप्प्यांत.